उत्तरमेरूरचे मडके

वाचकहो, ज्या गावाचे नाव आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो, पण जे डोळ्यांनी कधी पाहिले नाही, त्या गावाला प्रथमच जाताना मनात थोडी धाकधूक असते. मासिकाच्या कचेरीत माझे काम भाषांतराचे व संपादनाचे. दर वर्षी पावसाळा सरता सरता पंचायतींविषयीचा एखादा लेख माझ्या मेजावर येऊन पडतो. लेखक निराळा असतो, आकडे निराळे असतात. पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य हटकून भेटते : ‘दहाव्या शतकात तमिळ देशातील उत्तरमेरूर या गावी मडक्यात चिठ्ठ्या टाकून निवडणुका होत असत.’ हे वाक्य मी किती वेळा मराठीत उतरवले असेल, त्याची गणती नाही. सहाव्या की सातव्या खेपेस मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. ते मडके कोणाचे, त्यात हात कोण घालीत असे, आणि चिठ्ठीवर नाव कोणाचे असे, यांपैकी मला काहीच ठाऊक नव्हते. म्हणून 2023 सालच्या गांधी जयंतीला लागून दोन दिवसांची सवड काढली आणि कांचीपुरम गाठले.

कांचीपुरमहून उत्तरमेरूर सुमारे तीस किलोमीटर. बस जुनी होती आणि वाहकाची शिटी नवी; प्रत्येक थांब्यावर तो ती इतक्या हौसेने वाजवी की पुढच्या बाकावरील म्हातारी दर वेळी दचके. शहरातील रेशमाची दुकाने मागे पडली की दोन्ही बाजूंना भाताची खाचरे लागतात, मध्ये मध्ये ताडांच्या रांगा, आणि दर थोड्या अंतराने मातीचा लांबच लांब बांध. या बांधापलीकडे तळे असते. तमिळ भाषेत त्याला ‘एरी’ म्हणतात. आपल्याकडे तळे म्हटले की चार बाजूंनी बांधलेले, पायऱ्या असलेले पाणी डोळ्यांपुढे येते. एरी तशी नव्हे. उतारावर अर्धचंद्राकृती बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे, त्याला दारे ठेवायची, आणि खालच्या शेतांना ते पाळीपाळीने द्यायचे. या मुलखाला खरा पाऊस ऑक्टोबरनंतर ईशान्येकडून मिळतो. मी गेलो तेव्हा तो यायचा होता. बहुतेक तळ्यांत मधोमध थोडे पाणी आणि कडेने चरणाऱ्या म्हशी, असाच देखावा होता. हे एवढ्यासाठी सांगितले की, उत्तरमेरूरच्या सभेला ज्या कामांसाठी समित्या नेमाव्या लागल्या त्यांत तळ्याचे काम एक प्रमुख काम होते. वाटेतील ती तळी पाहिली नसती, तर त्याचे कारण मला नीट उमगले नसते.

उत्तरमेरूर आज एक लहानसे शहर आहे. बाजार, बसस्थानक, औषधांची दुकाने, शाळेतून सुटणाऱ्या सायकली. शहराच्या मधोमध वैकुंठपेरुमाळचे देऊळ आहे. दक्षिणेतील उंच गोपुरे पाहून आलेल्या माणसाची येथे थोडी निराशाच होते. देऊळ बैठे आहे. मोठेपणा आहे तो त्याच्या भिंतींत. दगडी जोत्यापासून भिंतीपर्यंत अक्षरांच्या ओळीच ओळी कोरल्या आहेत. तमिळ आणि ग्रंथ लिपीतील ही अक्षरे मला वाचता येत नव्हती. तरी बोट न लावता, त्यांच्यावरून नजर फिरवीत मी बराच वेळ उभा राहिलो. एक निवृत्त शिक्षक तेथे नातवाला घेऊन आले होते. माझी ती अवस्था पाहून ते जवळ आले व इंग्रजीत म्हणाले, “सार, आपण उलट्या दिशेने चालला आहात. लेख तिकडून सुरू होतो.”

पुढचे दोन तास त्यांनी मला त्या भिंतीशी उभे केले. त्यांनी जे सांगितले, आणि परत आल्यावर मी जे वाचून पडताळून पाहिले, ते थोडक्यात आपणांस सांगतो.

गाव पल्लव राजांच्या काळचे. वेदविद्या जाणणाऱ्या ब्राह्मणांना दान दिलेले, म्हणून त्याला ‘चतुर्वेदिमंगलम्’ म्हणत. पुढे चोळांचे राज्य आले. पहिला परांतक गादीवर असताना, त्याच्या कारकीर्दीच्या बाराव्या आणि चौदाव्या वर्षी, म्हणजे इसवी सन 919 व 921 मध्ये, गावच्या महासभेने दोन ठराव केले आणि ते दगडावर कोरविले. समित्यांवर माणसे कशी निवडावीत, हा दोन्हींचा विषय. दोन वर्षांत एकाच विषयावर दोन ठराव का व्हावेत? पहिल्या ठरावाने काम भागले नाही, हे उघड आहे. दुसरा अधिक लांब आहे, अधिक बारकाईचा आहे, आणि त्यात अपात्रतेची कलमे वाढलेली आहेत. म्हणजे मधल्या दोन वर्षांत काहीतरी घडले असले पाहिजे. दगड त्याविषयी बोलत नाही. पण ज्याने एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या नियमावलीची दुरुस्ती होताना पाहिली आहे, त्याला पुष्कळ तर्क करता येईल.

दुसऱ्या ठरावाची रीत अशी. गावाचे तीस विभाग. प्रत्येक विभागातील लोकांनी एकत्र जमायचे आणि पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहायची. तमिळमध्ये ‘कुडम्’ म्हणजे मडके, ‘ओलै’ म्हणजे ताडपत्र; म्हणून या पद्धतीचे नाव ‘कुडवोलै’. एकेका विभागाच्या चिठ्ठ्यांची जुडी बांधून वर विभागाचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावायची आणि साऱ्या जुड्या मडक्यात घालायच्या. मग लहानथोरांसह सारी महासभा भरवायची. गावात त्या दिवशी असतील तेवढे सर्व पुजारी सभामंडपात बसवायचे. एकालाही वगळायचे नाही. त्यांतील सर्वांत वडील पुजाऱ्याने उभे राहून, सर्वांना दिसेल असे मडके वर उचलायचे. आत काय आहे हे ज्याला कळत नाही अशा एका लहान मुलाने एक जुडी काढायची. ती दुसऱ्या रिकाम्या मडक्यात सोडून हलवायची, आणि त्याच मुलाने तीतून एक चिठ्ठी काढून मध्यस्थाच्या हाती द्यायची. मध्यस्थाने ती कशी घ्यायची? पाचही बोटे पसरून, उघड्या तळहातावर! म्हणजे बोटांच्या बेचक्यात आधीच लपविलेली दुसरी चिठ्ठी पुढे करता येऊ नये. मग त्याने नाव मोठ्याने वाचायचे, ते सर्व पुजाऱ्यांनी पुन्हा वाचायचे, आणि त्यानंतर ते लिहून घ्यायचे. अशा रीतीने तीस विभागांतून तीस माणसे. त्यांतून बाराजणांची वार्षिक समिती, बाराजणांची बागांची आणि सहाजणांची तळ्याची. सोन्याची व्यवस्था पाहणारी समितीही अशीच चिठ्ठ्यांनी निवडायची. मुदत पुरते तीनशे साठ दिवस. मधल्या काळात कोणी गुन्हा केला तर त्याला तत्काळ काढून टाकायचे.

पसरलेल्या पाच बोटांचे ते कलम ऐकले आणि मला हसू आवरेना. शिक्षकांनी कारण विचारले. मी त्यांना सांगितले की, आमच्या महाराष्ट्रात सरपंचपदाचे किंवा प्रभागाचे आरक्षण ठरविण्यासाठी सोडत काढतात. तेव्हा काचेच्या किंवा पारदर्शक बरणीत चिठ्ठ्या टाकतात आणि शाळेतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला पुढे बोलावून तिच्या हातून चिठ्ठी उचलवितात. वर्तमानपत्रात तिचे छायाचित्रही येते. या मुलीला उत्तरमेरूरच्या मुलाची वार्ता कोणी सांगितलेली नसते, तहसीलदारांनाही ती ठाऊक असतेच असे नाही. पण मोठ्या माणसांच्या हातावर विश्वास ठेवू नये, एवढी गोष्ट दोन्ही ठिकाणी सर्वांना मान्य आहे.

आता पात्रतेविषयी. वय पस्तिसाच्या वर आणि सत्तरीच्या आत. पाव वेलीहून अधिक करपात्र जमीन; वेली म्हणजे साडेसहा एकरांहून थोडी अधिक. घर स्वतःच्या जागेवर बांधलेले. वेदविद्येचे ज्ञान. मागील तीन वर्षांत कोणत्याही समितीवर नसावा. हे झाल्यावर अपात्रता सुरू होते, आणि तिचा आरंभच असा आहे की, वाचणाऱ्याने सरसावून बसावे. जो पूर्वी समितीवर होता पण ज्याने हिशेब दिला नाही, तो अपात्र. तेवढ्यावर थांबत नाही. त्याचा बाप, मुलगा, भाऊ, सासरा, जावई, मेहुणा, मामा, भाचा, चुलता, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ : सारे अपात्र! आजच्या काळी हे कलम लागू केले तर कित्येक गावांत चिठ्ठी लिहायला नावच उरणार नाही, असे शिक्षक म्हणाले. मी त्यांना दुजोरा दिला. पण कोणत्या गावांचा, ते मात्र सांगितले नाही. लाचखोर, चोर, खोटे दस्तऐवज करणारे, गावाला उपद्रव देणारे, यांचीही नोंद आहे. गावाला उपद्रव देणाऱ्याला ‘ग्रामकंटक’ हा शब्द आहे. तो तेवढा मला कोणी न सांगताच कळला.

येथवर सारे ठीक होते. माझ्या त्या वार्षिक वाक्याला आता हातपाय फुटले होते, आणि पुढच्या लेखात तळटीप देण्याइतका मी जाणता झालो होतो. पण शिक्षकांनी नातवाला पाणी पाजून आणले आणि सहज विचारले, “सार, यात कोण नाही?”

मी पुन्हा भिंतीकडे पाहिले. जमीन नसलेला कोणी नाही. ब्राह्मण नसलेला कोणी नाही. ती सभाच ब्राह्मणांची. इतरांच्या गावांतील सभेला ‘ऊर’ म्हणत, व्यापाऱ्यांच्या वस्तीतील सभेला ‘नगरम्’. स्त्री एकही नाही. आणि ज्यांनी तळ्याच्या बांधावर माती वाहिली, शेतात चिखल तुडविला, त्यांच्यासाठी तर मडक्यात शिरण्याची वाटच नव्हती. मी हे सारे पूर्वी वाचले नव्हते असे नाही. पण वाक्य सुबक दिसावे म्हणून भाषांतरात काही गोष्टी गळतात, आणि मग त्या गळल्या होत्या हेही आपण विसरतो.

घटना समितीत ग्रामपंचायतींची चर्चा झाली तेव्हा उत्तरमेरूरच्या या दगडाचा दाखला दिला गेला होता. त्याच समितीत 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांविषयी फार कठोर शब्द वापरले होते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आगर आणि अज्ञानाचे घर, असा त्यांचा आशय होता. अनेक सभासदांना तो लागला. पुढे 22 नोव्हेंबर रोजी ग्रामपंचायतींविषयीचे कलम स्वीकारले गेले; आज ते संविधानाचे चाळिसावे कलम आहे. 1957 साली बलवंतराय मेहता समितीचा अहवाल आला, 2 ऑक्टोबर 1959 रोजी राजस्थानात नागौर येथे पंडित नेहरूंनी पंचायत राज्याचा प्रारंभ केला, आणि 24 एप्रिल 1993 पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. या शेवटच्या दुरुस्तीने ‘ग्रामसभा’ या शब्दाला संविधानात जागा मिळाली. तिची व्याख्या एका ओळीची आहे : पंचायत क्षेत्रातील गावाच्या मतदारयादीत ज्यांची ज्यांची नावे आहेत, ती सर्व माणसे. वेली नाही, वेद नाही, घर कोणाच्या जागेवर आहे याची विचारपूस नाही. पस्तिशीची अटही गेली. अठरा वर्षे पुरतात.

“भिंतीवरची सभा आपण पाहिलीत,” शिक्षक निरोप घेताना म्हणाले, “उद्या आमच्या गावची सभा आहे. ती दगडाची नाही. या.”

त्यांचे गाव उत्तरमेरूरपासून काही कोसांवर. त्याचे नाव मी येथे देत नाही. त्या लोकांनी मला पाहुणा म्हणून बसू दिले. त्यांच्या घरची गोष्ट देशभर नावानिशी सांगण्याची परवानगी मी मागितली नव्हती.

तमिळनाडूत ग्रामसभा ठरलेल्या दिवशी भरते, आणि गांधी जयंती हा त्यांतला एक. पंचायतीच्या कचेरीपुढे मांडव घातला होता. पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या. खुर्च्यांवर बहुतेक पुरुष, सतरंज्यांवर बहुतेक बायका. मांडवाच्या डाव्या अंगाला, उन्हात, तीसेक माणसे उभीच होती. खुर्च्या रिकाम्या असताना ती उभी का, हे माझ्या लगेच ध्यानात आले नाही. शिक्षकांनी हळूच सांगितले की, ते वस्तीतले लोक. मूळ गाव आणि दलितांची वस्ती यांच्यामध्ये भाताचे एक मोठे खाचर आहे. वस्तीला तेव्हा सरकारी कागदांत ‘कॉलनी’ म्हणत.

पंचायतीच्या अध्यक्ष एक चाळिशीच्या बाई होत्या. 2016 सालच्या कायद्याने त्या राज्यात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आहेत. सर्वजण त्यांना ‘तलैवर अम्मा’ म्हणत होते. शेजारी पंचायतीचे चिटणीस हिशेबाची वही घेऊन बसले होते आणि जरा दूर, सभेवर लक्ष ठेवण्यासाठी वरून आलेले एक तरुण अधिकारी. प्रथम डोकी मोजली. त्या गावाला गणपूर्तीसाठी शंभर माणसे लागत होती, ब्याण्णव भरली. तेव्हा रोजगार हमीच्या कामावरून परतणाऱ्या बायकांना रस्त्यावरून हाका मारून आणले आणि सभा सुरू झाली.

चिटणीसांनी जमाखर्च वाचला. मला तमिळ येत नाही. शिक्षक कानाशी इंग्रजीत सांगत, तरी पुष्कळसे निसटे. पण ‘कणक्कु’ म्हणजे हिशेब, हा शब्द मी आदल्या दिवशी भिंतीपाशी शिकलो होतो, आणि तो आता दर दोन मिनिटांनी ऐकू येत होता. एका म्हाताऱ्याने रस्त्यावरच्या दिव्यांचा खर्च पुन्हा वाचायला लावला. तीन दिवे त्याच्या गल्लीत लावल्याचे वहीत होते. त्याने बोटे वर करून दोनच असल्याचे सांगितले. चिटणीस म्हणाले, तिसरा देवळापाशी आहे. म्हातारा म्हणाला, देवळापाशी आहे तर देवळापाशी लिहा. सभा हसली आणि चिटणीसांनी खोडून लिहिले. असे अर्धा तास चालले. पाण्याच्या टाकीचा पंप, शाळेची कुंपणभिंत, एरीच्या पाटात वाढलेली झुडपे. पाट साफ करण्याचे काम रोजगार हमीतून घ्यावे असे ठरले. या विषयावर उन्हातली आणि सावलीतली माणसे एकाच सुरात बोलली, कारण पाटातले पाणी दोघांच्याही शेतांना लागते.

मग स्मशानाच्या वाटेचा विषय निघाला.

स्मशान गावाच्या पलीकडे, एरीच्या टोकाला. मूळ गावातील प्रेतयात्रा मोठ्या रस्त्याने जाते. तो सिमेंटचा आहे. वस्तीतली मात्र खाचराच्या बांधावरून जाते. पावसाळ्यात बांध खचतो, आणि खांदेकऱ्यांना गुडघाभर चिखलातून जावे लागते. मागच्या वर्षी एकदा तिरडी कलंडली होती. अध्यक्षबाईंनी तयारीने प्रस्ताव आणला होता : बांधावर मुरूम टाकून, कडेने दगड बसवून पक्की वाट करावी, निधी उपलब्ध आहे. खुर्च्यांवरून लगेच माना डोलल्या. दोघांनी तर टाळ्याही वाजविल्या. इतक्या चटकन सर्वांचे एकमत झालेले पाहून मलाही बरे वाटले. चिटणीसांनी लेखणी उचलली.

तेवढ्यात उन्हात उभ्या असलेल्या लोकांतून एक बाई पुढे आल्या. वय साठीच्या आसपास, अंगाने किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. त्या बोलू लागल्या तशी शिक्षकांची कानाशी चाललेली कुजबूज थांबली. काय म्हणतात, असे मी दोनदा विचारले. उत्तर मिळाले नाही. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा ते म्हणाले, “त्या म्हणतात, मुरूम टाका, आम्ही नको म्हणत नाही. पण मोठा रस्ता पंचायतीने बांधला, त्यात आमचाही कर आहे. तेथून आमचे मढे का जाऊ नये?”

मांडवात एकदम शांतता पसरली. एवढा वेळ खेळणारी पोरेही थांबली. आता वाचकहो, त्या प्रस्तावाकडे पुन्हा एकदा पाहा. दहा मिनिटांपूर्वी जो मला औदार्याचा वाटला होता, तो तसा राहिला नाही. पक्की वाट झाली की वस्तीतल्या माणसाने मोठ्या रस्त्याने येण्याचे कारणच उरणार नव्हते. मुरुमाने चिखल बुजला असता; मधले खाचर तसेच राहिले असते.

पुढच्या खुर्चीवरील एक वयस्क गृहस्थ उठले. ते रागावले नाहीत, उलट फार समजुतीने बोलले. मोठ्या रस्त्यावर देऊळ आहे, उत्सव असतात, लग्ने असतात. कोणाच्या मनाला लागू नये, एवढाच त्यांचा मुद्दा. एक तरुण खुर्चीवरूनच म्हणाला की, आमच्या घरची मढीही देवळावरूनच जातात, तेव्हा देवाला काही होत नाही. वडीलधाऱ्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिला भाषांतराची गरज नव्हती. अध्यक्षबाई गप्प होत्या. त्यांची अडचण मला कळत होती. खुर्च्यांवर त्यांचे दीर-भावजी बसले होते, आणि मते त्यांना दोन्हीकडून मिळाली होती.

मला त्या वेळी आमच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाची आठवण झाली. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत बसते, पुन्हा पुन्हा बसते. जंगलावरचा हक्क त्या गावाने असाच मिळविला, आणि 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मी त्या पद्धतीचा चाहता आहे. पण येथे, या मांडवात, सहमतीची वाट पाहिली असती तर त्या बाईंची नात म्हातारी झाली असती. जेथे सारे गाव एका बाजूला आणि जंगल दुसऱ्या बाजूला असते, तेथे सहमती शोभते. जेथे गावच दोन आहेत तेथे तिचा अर्थ पुष्कळदा ‘थांबा’ एवढाच होतो, असे मला वाटते. आपले मत निराळे असू शकेल.

अखेर तो तरुण अधिकारी उठला. आवाज न चढवता त्याने एवढेच सांगितले की, सार्वजनिक रस्त्याने जाण्यास कोणाला अडविणे हा गुन्हा आहे. यावर सभेने मत देण्याचा प्रश्नच येत नाही. हे ऐकून अध्यक्षबाईंना जणू धीर आला. त्या चिटणीसांना म्हणाल्या, लिहा. त्यांनी तोंडी सांगितलेल्या वाक्यात मला एक शब्द ओळखीचा लागला : ‘अनुमदि’. आपलीच अनुमती! वस्तीतील लोकांना मोठ्या रस्त्याने प्रेतयात्रा नेण्यास अनुमती देण्यात येत आहे. खुर्च्यांवरून हुंकार आला, फारसा विरोध झाला नाही. काम झाले असे वाटून मी वही मिटली.

पण त्या बाई जागच्या हलल्या नाहीत. “अनुमदि नको,” त्या म्हणाल्या, आणि पुढे एकच शब्द उच्चारला : “उरिमै.”

शिक्षकांकडे वळून मी अर्थ विचारला. “हक्क,” ते म्हणाले.

माझा सारा धंदा शब्दांचा. एका शब्दाऐवजी दुसरा घालावा की नाही, यावर कचेरीत आम्ही चहाचे दोन दोन पेले रिचवतो. पण त्यामुळे कोणाच्या खांद्यावरची तिरडी सावरली किंवा कलंडली, असे कधी झालेले नाही. येथे ते होणार होते. जो अनुमती देतो तो उद्या ती काढूनही घेऊ शकतो. चिटणीसांनी अध्यक्षबाईंकडे पाहिले, अध्यक्षबाईंनी पुढच्या खुर्च्यांकडे, आणि पुढच्या खुर्च्यांनी जमिनीकडे. किती वेळ गेला हे सांगता येत नाही. लाउडस्पीकरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग अध्यक्षबाईंनी मान खाली घालूनच हात हलवला, आणि चिटणीसांनी खोडून दुसरा शब्द लिहिला. बांधावर मुरूम टाकण्याचा ठरावही त्याखाली लिहिला गेला. हात वर करण्यास सांगितले तेव्हा सावलीतले निम्म्याहून थोडे अधिक हात वर गेले, उन्हातले सगळे. त्या वयस्क गृहस्थांचा हात वर नव्हता. पण सभा सोडून ते गेलेही नाहीत.

ठरावाखाली सह्या झाल्या. बाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी वही शिक्षकांपुढे केली आणि लिहिलेले मोठ्याने वाचायला सांगितले. शिक्षकांनी वाचले. पुन्हा एकदा, असे त्या म्हणाल्या. त्यांनी पुन्हा वाचले. मग त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडीत सही केली. नंतर सर्वांना चहा आला. खुर्च्यांवरच्यांना आणि उभ्या असलेल्यांना सारख्याच कागदी पेल्यांत आला, एवढे मी पाहिले. माझी बस चुकू नये म्हणून शिक्षक मला फाट्यापर्यंत पोचवायला आले. वाटेत त्यांनी मोठा रस्ता दाखविला. देऊळ, शिंप्याचे दुकान, दोन किराण्याची दुकाने, पाण्याचा नळ. कोणत्याही गावात असतो तसाच रस्ता होता.

परत आल्यावर मी त्यांना आभाराचे पत्र लिहिले. उत्तर जानेवारीत आले. डिसेंबरच्या आरंभी आलेल्या चक्रीवादळाच्या पावसाने खाचरे भरून गेली होती, बांधावर मुरूम अजून पडला नव्हता, आणि त्याच आठवड्यात वस्तीत एक म्हातारे गृहस्थ वारले. तिरडी मोठ्या रस्त्याने गेली. किराण्याच्या एका दुकानाने फळ्या ओढून घेतल्या, दुसऱ्याने घेतल्या नाहीत. देवळापाशी दोन-तीन माणसे छत्र्या घेऊन उभी होती. ती का उभी होती हे त्यांना विचारण्याचे धैर्य आपल्याला झाले नाही, असे शिक्षकांनी लिहिले होते. कोणी काही बोलले नाही. त्या बाई पुढे चालत होत्या. ठरावाची प्रत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पावसात भिजू नये म्हणून पदराखाली धरली होती. पण ती दाखविण्याची वेळ आली नाही.